फ्लॅव्होनॉइडांचे शोषण आणि योगवाही द्रव्ये : एक ऐतिहासिक आढावा

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील लोणंद ही कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ होय. कांद्याच्या सुक्या सालींत विपुल असणारे क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्य आज औषधी गोळ्यांच्या रूपानेही विकले जाते. परंतु सेवन केलेले द्रव्य रक्तात किती उतरते, हा प्रश्न त्याच्या गुणवर्णनाहून अधिक मूलगामी आहे.

फ्लॅव्होनॉइडांकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते १९३६ साली. हंगेरीतील रुस्न्याक व सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबाच्या जातीच्या फळांतील या द्रव्यांना ‘जीवनसत्त्व पी’ असे नाव दिले. ती जीवनसत्त्वाच्या कसोटीला न उतरल्याने पुढे ते नाव मागे पडले. १९९५ साली नेदरलँड्समधील हॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेने मोठे आतडे काढलेल्या ९ व्यक्तींवर प्रयोग केला. त्यात कांद्यातील शर्करायुक्त क्वेर्सेटिनचे शोषण सुमारे ५२ टक्के, तर शुद्ध क्वेर्सेटिनचे २४ टक्केच आढळले. म्हणजे निव्वळ शुद्धीकरणाने द्रव्य अधिक उपयुक्त होतेच असे नाही. त्याला जोडलेली शर्करा हीच शोषणास साह्यकारी ठरते.

साहचर्याचा हा विचार भारतीय वैद्यकाला नवा नव्हता. औषधासोबत घ्यावयाच्या अनुपानाचा विचार आयुर्वेदात आहेच. शिवाय चरकसंहितेत पिंपळीला ‘योगवाही’ म्हटले आहे. याच धाग्याने जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. के. अटल यांनी १९७९ च्या सुमारास पिंपळी व मिरी यांतील पायपरीनचे जैववर्धक कार्य पुढे मांडले. आतड्याच्या भित्तिकेत व यकृतात परके द्रव्य ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकले जाते. ती क्रिया पायपरीन मंदावते. १९९८ साली बंगळूर येथील प्रयोगात २ ग्रॅम कुर्कुमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिले असता मनुष्याच्या रक्तातील कुर्कुमिनची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. कुर्कुमिन हे फ्लॅव्होनॉइड नव्हे. तथापि तेही त्याच बहुफिनॉल कुळातील असून शोषणाची अडचण दोहोंची सारखीच आहे. सांगलीच्या हळदपेठेशी परिचित असलेल्या वाचकास या प्रयोगाचे महत्त्व सहज पटेल. युरोपात याच हेतूने फॉस्फोलिपिडांशी संयोग करण्याची निराळी वाट चोखाळण्यात आली.

मात्र जो अडसर दूर होतो, तो केवळ इष्ट द्रव्यासाठीच दूर होतो असे नाही. पायपरीनमुळे फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफिलिन या औषधांचीही रक्तातील पातळी वाढल्याचे आढळले आहे. अशी औषधे नित्य घेणाऱ्या रुग्णास ती वाढ अपायकारक ठरू शकते. शिवाय रक्तात अधिक द्रव्य उतरणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. ज्या चरकसंहितेने पिंपळीला योगवाही म्हटले, तिनेच पिंपळी, क्षार व लवण यांचे अतिसेवन निषिद्ध ठरविले आहे. आधुनिक जैववर्धकांच्या इतिहासाचे तात्पर्यही याहून फारसे वेगळे नाही.