स्कंदरबेग आणि त्याचे सरदार



युरोपच्या नकाशावर इटलीच्या टांचेसमोर, एड्रिआटिक समुद्राच्या पलीकडच्या काठीं, अल्बेनिया नांवाचा एक लहानसा देश आहे. किनाऱ्याला थोडी सपाट जमीन, आणि तिच्यामागें एकामागून एक अशा डोंगरांच्या रांगा. आपल्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांत या देशाचें नांव सहसा येत नाहीं. इ. स. १४५३ मध्यें तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतलें, एवढें वाक्य मुलें पाठ करतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. पण ज्या सुलतानानें हजार वर्षांचें तें राजनगर दोन महिन्यांच्या आंत जिंकलें, त्याला आणि त्याच्या बापाला या दरिद्री डोंगरांतला क्रुया नांवाचा एक किल्ला, त्याचा धनी जिवंत असेपर्यंत, घेतां आला नाहीं. त्या धन्याचें नांव स्कंदरबेग. त्याचीं युद्धें कशीं झालीं हें मी सांगणारच आहें. परंतु त्याला सर्वांत जड गेलेलें काम रणांगणावरचें नव्हतें, असें मला वाटतें, आणि त्या कामाकडेच आपलें लक्ष वेधण्याचा माझा हेतु आहे.

त्याचें मूळ नांव ग्येर्ग्य कास्त्रिओती. ग्येर्ग्य म्हणजे आपण ज्याला जॉर्ज म्हणतों तेंच नांव. जन्म इ. स. १४०५ च्या सुमारचा. बाप ग्योन हा मात आणि दिब्रा या खोऱ्यांतला एक सरदार. त्याला चार मुलगे व पांच मुली. ग्येर्ग्य मुलग्यांत सर्वांत धाकटा. एका बाजूला किनाऱ्यावरील व्हेनिसचें प्रजासत्ताक आणि दुसऱ्या बाजूला वाढती तुर्की सत्ता, यांच्या कात्रींत सांपडलेला हा बाप कधीं इकडे, कधीं तिकडे नमून दिवस काढीत होता. मांडलिकानें खंडणी तर द्यावयाचीच, पण मुलगेहि सुलतानाच्या दरबारीं ओलीस ठेवावयाचे, अशी त्या काळची रीत होती. त्याप्रमाणें ग्येर्ग्य एदिर्ने येथें गेला. तेथें तो मुसलमान झाला, घोड्यावर बसावयास व शस्त्र चालवावयास शिकला, आणि सुलतान दुसरा मुराद याच्या फौजेंत नांवारूपास आला. इस्कंदर हें नांव त्याला तेथेंच मिळालें. अलेक्झांडरचें हें तुर्की रूप. आपण ज्याला शिकंदर म्हणतों तेंच. त्यापुढें बेग ही पदवी लागली, आणि दोन्ही मिळून युरोपीय लोकांच्या तोंडीं स्कंदरबेग झालें. एकाच घरांतल्या माणसांच्या वाटा कशा फुटतात पाहा : त्याचा भाऊ रेपोश हा अॅथॉस पर्वतावरील हिलंदार मठांत ख्रिस्ती संन्यासी झाला आणि १४३१ मध्यें तेथेंच वारला.

बाप १४३७ त निवर्तला. त्याचा मुलूख मुलाच्या हातीं जसाच्या तसा आला नाहीं. सुलतानानें क्रुयाचा कारभार कांहीं काळ त्याच्याकडे दिला होता, पण तो चाकर म्हणून. या सुमारास अरिआनीती वगैरे अल्बेनियन सरदारांचीं बंडें होऊन गेलीं होतीं व तुर्कांनीं त्यांतलीं बहुतेक मोडलीं होतीं. स्कंदरबेग हा या काळांत अगदीं गप्प होता. त्याच्या मनांत काय चाललें होतें हें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं, आणि जे लिहितात ते कल्पनेनें लिहितात.

१४४३ च्या नोव्हेंबरांत हंगेरीचा सेनापति यानोश हुन्यादी यानें निश शहराजवळ तुर्की फौजेचा पराभव केला. स्कंदरबेग त्या वेळीं तुर्कांच्या बाजूला होता. पळापळ सुरू होतांच त्यानें आपला पुतण्या हमझा आणि तीनशें अल्बेनियन स्वार बरोबर घेऊन तडक घरची वाट धरली. सुलतानाच्या चिटणीसाला धमकावून क्रुयाच्या किल्लेदाराच्या नांवें त्यानें खोटें फर्मान लिहवून घेतलें अशी कथा आहे. फर्मान दाखवून तो किल्ल्यांत शिरला, आणि किल्ला त्याचा झाला. ही गोष्ट २८ नोव्हेंबरला घडली असें अल्बेनियन लोक मानतात. पुढें १९१२ मध्यें व्ह्लोरा येथें त्यांनीं आपलें स्वातंत्र्य जाहीर केलें तेंहि याच तारखेस. आणि काळ्या दुतोंडी गरुडाचें त्यांचें तांबडें निशाण कास्त्रिओती घराण्याच्या चिन्हावरूनच आलेलें आहे.

किल्ला मिळाला, आतां देश मिळवावयाचा होता. पण देश म्हणजे तरी काय? मुझाका, थोपिया, दुकाग्यिनी, अरिआनीती, बाल्शा अशीं पांचपन्नास खोऱ्यांत वांटलेलीं घराणीं. प्रत्येकाची गढी वेगळी, वैर वेगळें. २ मार्च १४४४ रोजीं लेझ या गांवीं या सरदारांची सभा भरली. लेझ तेव्हां व्हेनिसच्या ताब्यांत होतें, म्हणजे कोणाच्याच घरचें नव्हतें. मानी माणसांची सभा परक्याच्या ओसरीवर भरवावी लागते ती अशी. सर्वांनीं स्कंदरबेगाला सेनापति केलें, आणि माणसें व पैसा पुरविण्याचें कबूल केलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याला कोणीं राजा केलें नाहीं. प्रत्येक सरदार आपल्या मुलखाचा धनी राहिला. त्यांच्या रयतेवर कर बसविण्याचा अधिकार या सेनापतीला नव्हता, आणि एखादा सरदार उठून गेला तर त्याला परत आणण्याचें साधनहि नव्हतें.

चार महिन्यांच्या आंतच, २९ जून १४४४ ला, तोरव्योल येथें अली पाशाची फौज आली. स्कंदरबेगानें घोडदळाची एक तुकडी जंगलांत दडविली, आपण माघार घेतल्याचें दाखवून शत्रूला अरुंद जागीं आणलें, आणि मागून घाला घातला. हाच डाव तो पुढें अनेक वेळां खेळला. मराठी श्रोत्याच्या मनांत या ठिकाणीं कोणतें नांव येईल हें मला ठाऊक आहे. पण दोन निराळ्या देशांची व शतकांची मोट बांधण्याचा मोह मी आवरतों.

हें युद्ध केवळ क्रॉस आणि चंद्रकोर यांचें युद्ध होतें असें लिहिण्याची युरोपांत पूर्वीं चाल होती. तें खरें नव्हे. स्कंदरबेग बंडानंतर पुन्हां ख्रिस्ती झाला हें खरें. परंतु १४४७ व १४४८ या सालीं तो लढला तो व्हेनिसशीं. डान्या नांवाच्या एका ठाण्याचा धनी मारला गेला व तें व्हेनिसनें घेतलें, यावरून तंटा पेटला. व्हेनिसच्या धर्मनिष्ठ सावकारांनीं स्कंदरबेगाला मारणाऱ्यास वर्षाला शंभर डुकॅट पेन्शन जाहीर केलें. आणि ४ ऑक्टोबर १४४८ ला तह झाल्यावर त्याच स्कंदरबेगाला वर्षाला चौदाशें डुकॅट द्यावयाचें कबूल केलें! इकडे हें चाललें असतां मुरादनें पूर्वेकडील स्वेतीग्रादचा किल्ला वेढला. किल्ल्याचें पाणी तुटलें आणि ३१ जुलै १४४८ ला शिबंदीनें तो खालीं करून दिला. विहिरींत मेलेलें कुत्रें टाकल्यामुळें शिपायांनीं पाण्याला तोंड लावलें नाहीं, अशी गोष्ट बार्लेती सांगतो.

त्यानंतर १४५० सालच्या १४ मे रोजीं मुराद स्वतः क्रुयासमोर येऊन उतरला. बरोबर त्याचा मुलगा महंमद. जुने ग्रंथ त्याची फौज एक लाख म्हणतात. आजचे अभ्यासक हा आकडा पुष्कळ कमी धरतात. किल्ल्यांत सुमारें दीड हजार माणसें, आणि त्यांचा किल्लेदार व्राना नांवाचा म्हातारा सरदार. क्रुया हें नांव अल्बेनियन भाषेंतल्या झऱ्याच्या शब्दावरून आलें आहे, आणि स्वेतीग्रादनंतर त्या नांवाचें मोल किती होतें हें सांगावयास नको. स्कंदरबेग स्वतः किल्ल्यांत बसला नाहीं. सुमारें आठ हजार माणसें घेऊन तो बाहेरच्या डोंगरांत राहिला. तुर्कांनीं जागच्या जागीं तोफा ओतून तटाला खिंडारें पाडलीं. पण हल्ला चढला कीं मागून छावणीवर छापा येई. व्रानाला मोठी लांच देऊं केली, ती त्यानें झिडकारली. सुरुंग लावले, तेहि फसले. आणि खरी गोष्ट पुढेंच आहे. एवढ्या फौजेला रोज खावयास पाहिजे, आणि तें डोंगरांतल्या वाटांनीं यावयाचें. त्या वाटांवर स्कंदरबेगाचीं माणसें. श्कोद्राचे व्हेनिशियन व्यापारी तुर्कांना धान्य विकीत होते, आणि दुराझोचे व्हेनिशियन व्यापारी स्कंदरबेगाला! तुर्की स्वार हा जहागिरीवर जगणारा. थंडी पडण्यापूर्वीं त्याला घरीं जाऊन सारा वसूल करावयाचा असतो. ऑक्टोबर संपत आला तेव्हां मुरादनें वेढा उठविला, व पुढच्या फेब्रुवारींत तो एदिर्नेला वारला.

विजयाचा हा क्षण. आणि याच क्षणीं स्कंदरबेगाजवळ क्रुयाखेरीज फारसें कांहीं उरलें नव्हतें. मुलूख जळालेला, धान्य संपलेलें, आणि लेझला शपथ घेतलेले कितीएक सरदार सुलतानाशीं किंवा व्हेनिसशीं बोलणें लावून बसलेले. २६ मार्च १४५१ रोजीं त्यानें नेपल्सचा राजा आल्फान्सो याच्याशीं तह केला आणि त्याला आपला अधिपति मानलें. राजाची एक लहान तुकडी क्रुयांत येऊन राहिली. याला कोणी मानहानि म्हणेल. मी म्हणत नाहीं. दूरच्या राजाचा नोकर झाल्यानें जवळच्या सरदारांच्या जाचांतून तो सुटला. त्याच वर्षीं त्यानें अरिआनीतीची मुलगी दोनिका हिच्याशीं लग्न केलें, तेंहि याच धोरणानें.

तरीहि फितुरी थांबली नाहीं. १४५५ मध्यें बेरात शहराच्या वेढ्यांत अल्बेनियन फौजेची भयंकर कत्तल झाली. त्यानंतर दिब्राची सरहद्द राखणारा त्याचा शूर सरदार मोइसी तुर्कांना जाऊन मिळाला, आणि १४५६ त तुर्की फौज घेऊन आपल्याच मुलखावर चालून आला. तो हरला, तिकडेहि त्याची किंमत उरली नाहीं. तेव्हां तो परत येऊन स्कंदरबेगाच्या पायां पडला. स्कंदरबेगानें त्याला क्षमा केली आणि त्याची मालमत्ता व हुद्दा परत दिला.

पुतण्या हमझाचें प्रकरण याहून दुःखदायक. निशहून पळाला तेव्हांचा हा सोबती. इतकीं वर्षें चुलत्याला मूल नव्हतें. वारसा आपलाच, असें त्यानें मनाशीं धरलें असल्यास नवल नाहीं. १४५६ त स्कंदरबेगाला मुलगा झाला, आणि १४५७ त हमझा इसाक बेगाच्या फौजेबरोबर शत्रु म्हणून आला. स्कंदरबेगानें फौजेच्या लहान तुकड्या करून डोंगरांत पांगविल्या. तो कांहीं केल्या दिसेना. सर्वांनीं टाकल्यामुळें तो पळाला, अशी शत्रूची समजूत झाली. अशी समजूत होण्यास आजवरचा अनुभव पुरेसा होता! २ सप्टेंबरला, छावणी निर्धास्त असतां, अल्बुलेना येथें तो सर्व बाजूंनीं तुटून पडला. त्याच्या सर्व लढायांत ही सर्वांत मोठी. हमझा जिवंत सांपडला. त्याला ठार न मारतां नेपल्सला कैदेंत पाठविलें.

हा दयाळूपणा होता कीं हिशेब होता? माझ्या मतें दोन्ही. ज्याच्याजवळ पगारी फौज नाहीं आणि खजिना नाहीं, त्याला एका सरदाराचें डोकें उडविल्यानें त्याच्या साऱ्या खोऱ्याचें वैर पदरांत घ्यावें लागतें. मोइसीनें या क्षमेची फेड केली. पुढें बालाबान पाशाच्या हातीं तो व त्याचे सोबती सांपडले, आणि कॉन्स्टँटिनोपलला त्यांची जिवंतपणीं कातडी सोलली. हा बालाबानहि जन्मानें अल्बेनियनच होता.

मधल्या काळांत इटलींत जाऊन त्यानें आल्फान्सोच्या मुलाला गादी राखण्यास मदत केली, सुलतानाशीं तह केला व तो मोडला; तें सर्व मी सोडून देतों. १४६६ त महंमद मोठ्या फौजेनिशीं आला. बापापेक्षां हा शहाणा. क्रुया पडत नाहीं असें दिसतांच त्यानें देशाच्या मध्यभागीं श्कुंबीन नदीच्या खोऱ्यांत एल्बासानचा किल्ला महिन्याभरांत बांधून काढला आणि बालाबानला मागें ठेवून तो परतला. आतां तुर्की फौज थंडीला घरीं जाणार नव्हती. साठी ओलांडलेला स्कंदरबेग रोमला जाऊन पोपाकडे पैसे मागून आला, आणि १४६७ च्या एप्रिलांत त्यानें वेढा फोडला. त्यांत बालाबान मारला गेला. पण एल्बासान तेथेंच राहिलें.

ही सर्व हकीकत आपणांस मुख्यत्वें कळते ती मारिन बार्लेती या श्कोद्राच्या धर्मगुरूच्या लॅटिन चरित्रावरून. तें सोळाव्या शतकाच्या आरंभीं रोम येथें छापलें गेलें व युरोपच्या अनेक भाषांत गेलें. बार्लेती आकडे फुगवितो, आणि त्यानें दिलेलीं कितीएक पत्रें व भाषणें त्याच्याच लेखणींतून उतरलेलीं आहेत. गिबनसारख्या इतिहासकारानें त्याच्यावर अविश्वास दाखविला तो उगाच नव्हे. परंतु व्हेनिस, नेपल्स व रागुसा येथील दप्तरांतून तह, देणीं आणि निरोप यांचे कागद निघाले आहेत, आणि आपल्या सरदारांना जपत, पैशांसाठीं दारोदार फिरणारा जो माणूस त्यांत दिसतो तो चरित्रांतल्या वीरापेक्षां मला अधिक मोठा वाटतो.

१४६८ च्या जानेवारींत त्यानें उरलेल्या सरदारांना पुन्हां लेझ येथें बोलाविलें. चोवीस वर्षांपूर्वींची जुळणी नव्यानें करावयाची होती. सभा होण्यापूर्वींच त्याला हिंवताप झाला, आणि १७ जानेवारीला तो वारला. लेझच्याच सेंट निकोलसच्या देवळांत त्याला पुरलें. दोनिका मुलाला घेऊन नेपल्सच्या राज्यांत गेली. क्रुया आणखी दहा वर्षें टिकलें, आणि १६ जून १४७८ ला उपासमारीनें पडलें. त्या सुमारास हजारों अल्बेनियन लोक समुद्र ओलांडून दक्षिण इटली व सिसिली येथें वसले; त्यांचे वंशज अद्याप आर्बेरेश नांवाची जुनी अल्बेनियन बोली बोलतात. लेझ घेतल्यावर तुर्की शिपायांनीं देवळांतलें थडगें शोधून उकरलें, आणि अस्थींचे तुकडे वांटून घेऊन कोणीं रुप्यांत तर कोणीं सोन्यांत मढवून ते ताईत म्हणून गळ्यांत बांधले, असें बार्लेती लिहितो.