वर्गणीचा सिनेमा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय निघाला. शाळेच्या पटांगणात पडदा लावून महिन्यातून एक चांगला सिनेमा दाखवायचा आणि त्यासाठी प्रत्येकीने वीस रुपये काढायचे. लगेच एक काकू म्हणाल्या, "मोबाइलवर फुकट दिसतंय की सगळं! त्याला वर्गणी कशाला?" प्रश्न रास्त होता आणि कुणालाच चटकन उत्तर देता आलं नाही. आज त्याच प्रश्नाला धरून एक खरी गोष्ट सांगते. ती आहे केरळची, पण तिचा एक धागा आपल्या पुण्यातून जातो.

आपल्याला सिनेमा म्हणजे तिकीट काढून बघायची वस्तू वाटते. कुणीतरी पैसेवाला तो काढतो, थिएटरवाला लावतो, आपण बघतो. काय बघायचं हे आपण ठरवत नाही. ते आपण ठरवायचं, या विचारातून आपल्या देशात फिल्म सोसायट्या निघाल्या. १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात अशी सोसायटी काढली. १९६५ साली तिरुवनंतपुरममध्ये अदूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'चित्रलेखा' सोसायटी काढली. सभासदांनी वर्गणी द्यायची, एरवी थिएटरात न लागणारे चित्रपट मागवायचे, एकत्र बसून बघायचे आणि मग त्यावर बोलायचं, अशी ही रीत. केरळात ती लहान लहान गावांपर्यंत पोचली. मात्र सोसायटीच्या खुर्च्यांवर बसणारी माणसं बहुतेक शिकलेली, शहराकडची, आणि त्यातही पुरुष जास्त.

याच केरळात जॉन अब्राहम नावाचे दिग्दर्शक होते. नावावरून गोंधळू नका, हिंदी सिनेमातला नट वेगळा. हे जॉन १९३७ सालचे. विमा कंपनीतली नोकरी सोडून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला आले. तिथे त्यांना ऋत्विक घटक यांच्यासारखे गुरू लाभले. पुढे जॉन यांनी तमिळमध्ये एक चित्रपट केला. त्यात ब्राह्मणांच्या वस्तीत एक गाढवाचं पिल्लू येतं आणि मग काय काय घडतं ते दाखवलं होतं. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण सामान्य माणसापर्यंत तो फारसा पोचला नाही. पुरस्कार घरात आणि प्रेक्षक दारात नाही, असं झालं.

मग १९८४ साली जॉन आणि त्यांच्या सोबत्यांनी कोळिकोडमध्ये 'ओडेसा' नावाचा गट सुरू केला. लोक थिएटरात येत नाहीत ना, मग सिनेमाच लोकांकडे न्यायचा असं ठरलं. मोठ्या थिएटरातलं यंत्र भलतंच जड असतं. पण सोळा मिलिमीटरच्या फिल्मचा प्रोजेक्टर लहान असतो, एसटीत टाकूनही नेता येतो. तो घेऊन ही मंडळी गावोगाव फिरली. कुठे पथनाट्य केलं, कुठे चार्ली चॅप्लिनचा 'द किड' दाखवला. टाकून दिलेल्या बाळाला एक फाटका माणूस वाढवतो, अशी ती गोष्ट. मूकपट असल्यामुळे भाषेची अडचणच नाही. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' हा माहितीपटही त्यांनी दाखवला. तो आपल्या मुंबईतल्या झोपडीवासीयांचा, घरं तोडली जात असताना लढणाऱ्या बायाबापड्यांचा. म्हणजे मुंबईच्या फुटपाथवरचं दुःख केरळातल्या खेड्यानं पाहिलं.

खेळाला तिकीट नव्हतं. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यायचं. त्या जमलेल्या चिल्लरीतून ओडेसाने स्वतःचा चित्रपट काढला. 'अम्मा अरियान' त्याचं नाव. म्हणजे 'आईला कळावं म्हणून'. १९८६ साली तो पुरा झाला. मागे शेठ सावकार कुणी नाही. नटही बहुतेक साधी माणसं.

गोष्ट अशी. पुरुषन नावाचा तरुण दिल्लीला निघतो. आईला कबूल करतो, की मी तुला पत्र लिहीत जाईन. वाटेत त्याला एका तरुणाचा मृतदेह दिसतो. त्यानं स्वतःच आपलं आयुष्य संपवलेलं असतं. तो तबला वाजवणारा हरी, हे पुढे कळतं. आता त्याच्या आईला कुणी सांगायचं? पुरुषन दिल्लीचा बेत सोडतो आणि वायनाडच्या डोंगरातून कोचीकडे, त्या आईकडे निघतो. वाटेत हरीला ओळखणारा एकेक जण भेटतो. प्रत्येक जण आपापल्या आईला सांगून घराबाहेर पडतो. कोचीला पोचेपर्यंत एकाचा जथा झालेला असतो.

हा चित्रपट पुन्हा गावोगावी दाखवला गेला. ज्यांनी पैसे दिले त्यांच्याच पुढ्यात पडदा लागला. १९८७ साली जॉन एका अपघातात गेले. पण ओडेसाच्या कार्यकर्त्यांनी पुढेही माहितीपट केले, दाखवले. आज देशातल्या महत्त्वाच्या चित्रपटांमध्ये 'अम्मा अरियान'चं नाव घेतात.

मैत्रिणींनो, मला मात्र या गोष्टीत एक गोष्ट खटकते, तीही सांगते. चित्रपट आईच्या नावाचा, पण प्रवासाला निघतात ते मुलगे. आया उंबऱ्याशी उभ्या. हो, पडद्यामागे एक बाई होती. सगळे तुकडे जोडून चित्रपट बांधणारी संकलक बीना पॉल. त्याही पुण्याच्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. पण समोर कोण दिसतं आणि काम कोण करतं, यातलं अंतर आपल्याला नवीन नाही.

दुसरं उदाहरण गुजरातचं. १९७६ चा 'मंथन'. दूध सोसायटीच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट उभा राहिला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, बिंदूच्या भूमिकेत आपली स्मिता पाटील. तो लागला तेव्हा गावंच्या गावं ट्रकमध्ये बसून आपला सिनेमा बघायला गेली. पण गोठ्यात शेण काढून धार काढणाऱ्या बाईचं नाव सोसायटीच्या वहीत असतंच असं नाही, हे तुम्हीही जाणता.

म्हणून काकूंना माझं उत्तर असं. मोबाइलवर फुकट दिसतं ते कुणीतरी आपल्यापुढे वाढलेलं ताट असतं, आणि ते एकटीने खायचं असतं. वीस रुपये दिले की तिसऱ्या गल्लीतली सून, सासू आणि शाळेतली पोर एकाच सतरंजीवर बसतात. काय बघायचं, हे विचारायचा हक्क त्या वीस रुपयांनी मिळतो. वेळही आपणच ठरवू: धारा काढून, भाकरी झाल्यावर. पुढची जागा बायकांची. आणि सिनेमा संपला की लगेच उठायचं नाही, अर्धा तास बोलायचं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मांडणार आहे. काकूंना अजून पटलेलं नाही. पण परवा विहिरीवर त्यांनीच विचारलं, "त्या हरीच्या आईला शेवटी सांगितलं का गं?" म्हटलं, "पडदा लागू दे, मग बघू."