मुलुंडचा रेणू आणि काचबिंदू

१/५ वांद्र्याहून मुलुंडला जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते. मुंबईच्या विज्ञानेतिहासातही मुलुंड असेच आडवाटेला राहिले. आजचा धागा तिथे गवसलेल्या एका रेणूविषयी.

२/५ गुजराती घरांत ‘गरमर’च्या मुळांचे लोणचे घालतात. ही वनस्पती म्हणजे कोलियस फोर्स्कोली. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात रक्तदाब उतरवणारे द्रव्य शोधताना सुजाता भट, नोएल डिसूझा व सहकाऱ्यांनी तिच्या मुळांतून फोर्स्कोलिन मिळवले. त्याची रचना १९७७ साली प्रसिद्ध झाली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतही हेच द्रव्य ‘कोलिओनॉल’ या नावाने हाती आले होते.

३/५ काचबिंदूत बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस झिजते. गेलेली दृष्टी परतत नाही. १९८३ साली येल विद्यापीठाच्या कॅप्रिओली व सीअर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, की फोर्स्कोलिनच्या थेंबांनी ससे, माकडे आणि माणसे यांच्या डोळ्यांतील दाब उतरतो.

४/५ आशा मोठी होती. परंतु हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि पुढील चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. टिमोलोलचे थेंब तोवर प्रचारात आलेच होते. फोर्स्कोलिन काचबिंदूचे प्रस्थापित औषध झाले नाही.

५/५ तरीही पेशींतील संदेशवहन अभ्यासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा आजही ते वापरतात. नाव मात्र त्यात फोर्स्कोल या स्वीडिश निसर्गाभ्यासकाचे. केवळ बाजारात पोहोचलेल्या औषधांचाच इतिहास लिहिला, तर मुलुंड त्यातून गळून पडते.