‘कोविड बॅच’चे शिक्षण

आपल्या बॅचमधले जे डॉक्टर झाले, ते वॉर्डात रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकले. त्यांच्या मुला-भाच्यांच्या वाट्याला ते तसे आले नाही, म्हणून काही जण त्यांना ‘कोविड बॅचचे डॉक्टर’ असा टोमणा मारतात. तो कितपत खरा आहे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वसतिगृहे रिकामी झाली. २५ मार्चलाच फोन-व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम केंद्राने जाहीर केले. १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. एमबीबीएसला असलेली माझी भाची तेव्हा पारनेर तालुक्यातल्या घरी, रेंजसाठी गच्चीवर बसून तास ऐकायची. सरावाला आजोबांची नाडी आणि आजीचा रक्तदाब. मी संगणकातली, तरी सांगते, छातीतला आवाज स्क्रीनवरून ऐकवता येतो, पण स्टेथोस्कोप नेमका कुठे टेकवायचा हे हाताला स्क्रीन शिकवत नाही. ही उणीव खरीच.

दुसऱ्या लाटेत मनुष्यबळ अपुरे पडले. ३ मे २०२१ रोजी केंद्राने इंटर्न डॉक्टरांना कोविड कामावर घेण्यास मुभा दिली. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य रुग्णांना फोनवरून सल्ला द्यावा, असेही ठरले. भाचीही फोनला बसली. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला का, सहा मिनिटे चालल्यावर किती उतरला, हे विचारायचे. पण खरी परीक्षा वेगळीच होती. म्हातारी माणसे “बरं हाय की” म्हणून मोकळी होत. मग वाक्य मधेच तुटते का, धाप लागते का, हे कान देऊन ऐकायचे आणि फोन सुनेकडे द्यायला सांगायचा.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांचे निम्मे काम घराघरांत जाऊन ऐकण्याचेच होते.

म्हणजे ही मुले कमी शिकली नाहीत, वेगळे शिकली. कान तयार झाला, हात मागे राहिला. डॉक्टर झालेल्या मित्रमैत्रिणींनो, म्हणून एक विनंती. अशी मुले तुमच्याकडे काम करायला आली, तर त्यांना फक्त केसपेपर लिहायला बसवू नका. रुग्णाची परवानगी घेऊन, तुम्ही शेजारी उभे राहून, आधी त्यांना तपासू द्या.