अकिलीसच्या घरातली एक रात्र

तीन हजार वर्षांहून मागे चला. हेलेस्पाँटच्या किनाऱ्यावर ग्रीकांची गलबतं वाळूत ओढून ठेवलेली आहेत, रात्र बरीच झाली आहे आणि तुम्ही अकिलीसच्या घरात भिंतीला टेकून उभे आहात. ओंडक्यांचं घर, वर कुरणातल्या लव्हाळ्यानं शाकारलेलं छप्पर. बाहेर कुंपणाच्या दाराला एकच दांडगा अडसर आहे. तो सरकवायला तिघे लागतात. अकिलीस एकटा सरकवतो.

जेवण नुकतंच आटोपलंय. मेज अजून उचललेलं नाही. तेवढ्यात एक म्हातारा आत येतो, कुणाच्या लक्षात येण्याआधीच अकिलीसच्या गुडघ्यांना मिठी घालतो आणि त्याच्या हातांचं चुंबन घेतो. त्या हातांकडे नीट बघा. त्यांनीच या माणसाचे कितीतरी मुलगे मारले आणि शेवटी हेक्टरला. हा ट्रॉयचा राजा प्रायम. पन्नास मुलगे होते त्याला.

हेक्टरचं नाव तो आधी काढत नाही. तुझ्या बापाला आठव म्हणतो, तोही माझ्याच वयाचा असेल. हा घाव वर्मी बसतो. हेक्टरपाठोपाठ आपलंही मरण ठरलेलं आहे, हे आई थेटिसनं अकिलीसला सांगून ठेवलंय. बाप पेलियसचा तो एकुलता एक. दोघं रडू लागतात. प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस बापासाठी आणि मधूनच हेक्टरनं मारलेल्या मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी.

मग प्रायम घाई करतो. बसायला नको, आधी मुलाचं प्रेत दे. अकिलीसची नजर फिरते. मला डिवचू नकोस, म्हणत तो ताडकन बाहेर पडतो. तुम्हीही मागोमाग जा, कारण खरं ते इथंच घडतं. प्रेताच्या मोबदल्यात प्रायमनं आणलेलं गाडीतलं सोनं, तिवया, हंडे उतरवले जातात. दोन मोठी वस्त्रं आणि एक तलम अंगरखा तेवढा प्रेतासाठी मागे ठेवतात. दासींना अकिलीस बजावतो: बाजूला नेऊन धुवा, तेल लावा, म्हाताऱ्याच्या नजरेला पडू देऊ नका. मुलाला बघून त्याला राग आवरला नाही, तर आपलाही आवरणार नाही आणि आपण त्याला मारून टाकू, हे अकिलीसला पक्कं ठाऊक आहे. रणात माणसं लोळवणारे वीर ग्रीक कथांत पैशाला पासरी आहेत. स्वतःचा राग असा आधीच ओळखून त्याच्या वाटेतून दुसऱ्याला बाजूला काढणारा, मला त्यांत याच्याइतका मोठा कुणी दिसत नाही.

ज्या हेक्टरला रथामागे बांधून पॅट्रोक्लसच्या थडग्याभोवती फरफटवलं, त्याला आता तो स्वतः उचलून तिरडीवर ठेवतो. पांढरं मेंढरू स्वतः कापतो, प्रायमला जेवू घालतो. पोरगा गेल्यापासून म्हाताऱ्यानं घास घेतलेला नव्हता.

झोपण्यापूर्वी अकिलीस विचारतो, उत्तरक्रियेला किती दिवस लागतील? लाकूड डोंगरावरून आणायचं, शहराला वेढा पडलेला. प्रायम हिशेब सांगतो: नऊ दिवस शोक, दहाव्याला दहन आणि जेवण, अकराव्याला मातीचा ढीग. बाराव्या दिवशी, लढावंच लागलं, तर लढू.

अकिलीस तेवढे दिवस लढाई थांबवायचा शब्द देतो. ग्रीकांच्या सेनापतीला, आगामेम्नॉनला, विचारत नाही. ‘इलियड’च्या शेवटी हेक्टरवर अंत्यसंस्कार होतात, ते या शब्दाच्या भरवशावर.