फोर्नियर गँग्रीन

फोर्नियर गँग्रीन हा जननेंद्रिये, गुदद्वार आणि त्यांच्या मधल्या भागातील मऊ ऊती झपाट्याने कुजवणारा जिवाणुसंसर्ग आहे. मराठी परिभाषेत गँग्रीनला 'कोथ' म्हणतात. हा आजार विरळा असला तरी प्राणघातक आहे. तो मुख्यतः पुरुषांत आढळतो. मात्र स्त्रिया व बालकांनाही होऊ शकतो. रुग्णाचा जीव वाचणे हे बहुतांशी शस्त्रक्रिया किती लवकर होते यावर अवलंबून असते.

इतिहास

फ्रेंच वैद्य बोरिएन यांनी १७६४ मध्ये अशा आजाराचे वर्णन केले होते. १८८३ मध्ये पॅरिसचे गुप्तरोगतज्ज्ञ झाँ आल्फ्रेड फोर्निये यांनी पाच तरुण रुग्णांची माहिती मांडली आणि आजाराला त्यांचे नाव मिळाले. त्यांना आजाराचे कारण सापडले नव्हते. आज बहुतेक रुग्णांत संसर्गाचा उगम सापडतो.

कारणे

गुदद्वाराजवळचे गळू, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा अडथळा, तसेच त्वचेवरील जखम यांतून संसर्ग सुरू होतो. ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्स, स्ट्रेप्टोकॉकस इत्यादी अनेक जिवाणू एकत्र वाढतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन रक्तपुरवठा थांबतो व ऊती मरतात. त्वचेखालील आवरणांच्या (प्रावरणी) थरांतून संसर्ग पोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचू शकतो. वृषणांना रक्त पोटातील महाधमनीतून येत असल्याने ती बहुधा शाबूत राहतात.

जोखमीचे घटक

मधुमेह हा सर्वांत महत्त्वाचा घटक होय. त्याखेरीज दीर्घकाळचे मद्यपान, लठ्ठपणा, मूत्रपिंड व यकृताचे विकार, कर्करोग, एचआयव्ही आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांमुळे धोका वाढतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत महाराष्ट्रातील ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या एसजीएलटी-२ गटातील मधुमेहाच्या औषधांमुळे लघवीतून साखर जाते. मार्च २०१३ ते मे २०१८ या काळात ही औषधे घेणाऱ्या १२ रुग्णांना (७ पुरुष, ५ स्त्रिया) हा आजार झाल्याची नोंद झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला. हा धोका अत्यल्प आहे. त्यामुळे वैद्यकीय सल्ल्याविना औषध बंद करू नये.

लक्षणे व निदान

सुरुवातीला ताप, अशक्तपणा आणि त्या भागात दुखणे, सूज व लाली दिसते. वरून दिसणाऱ्या बदलांच्या मानाने वेदना फार तीव्र असतात. पुढे त्वचा जांभळी-काळी पडते, दुर्गंधी येते व दाबल्यास वायूमुळे चरचर जाणवते. निदान मुख्यतः तपासणीवरून होते. सीटी स्कॅनमध्ये ऊतींतील वायू व संसर्गाची व्याप्ती कळते. परंतु त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवत नाहीत.

उपचार

शिरेवाटे द्रव, अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके आणि मृत ऊती कापून काढण्याची तातडीची शस्त्रक्रिया हे उपचाराचे तीन आधार आहेत. केवळ प्रतिजैविकांनी आजार आटोक्यात येत नाही, कारण मृत ऊतींत रक्ताबरोबर औषध पोहोचत नाही. शस्त्रक्रिया अनेकदा पुन्हा करावी लागते. जखम मलापासून दूर ठेवण्यासाठी काही रुग्णांत पोटावर तात्पुरता मलमार्ग काढतात. बरे होताना त्वचारोपण लागू शकते.

परिणाम

अनेक रुग्णालयीन अभ्यासांत मृत्यूचे प्रमाण २० ते ४० टक्के आढळते. अमेरिकेतील १,६४१ पुरुष रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासात मात्र ते ७.५ टक्के होते. असे रुग्ण अधिक संख्येने हाताळणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू कमी होते. उतारवय, रक्तातील जंतुदोष, मूत्रपिंड निकामी होणे आणि शस्त्रक्रियेतील विलंब यांमुळे धोका वाढतो. तीव्रता मोजण्यासाठी १९९५ पासून ताप, नाडी, श्वसन व रक्तचाचण्या मिळून नऊ बाबींचा निर्देशांक वापरतात. ९ पेक्षा अधिक गुण गंभीर मानले जातात.

बचावलेल्यांना व्रण, लैंगिक अडचणी व मानसिक ताण सोसावा लागू शकतो. अवघड जागेचे दुखणे म्हणून ते लपवल्यास उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. मधुमेही व्यक्तीला या भागात तापासह वेदना वा सूज आल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाणे आवश्यक असते.