निळ्या अंड्याची कुळकथा

मंडळी, निळं अंडं म्हटलं की कुणीतरी रंगवलं असणार असंच वाटतं. पण अमेरिकेत कित्येकांच्या परसात खरोखर निळी-हिरवी अंडी देणाऱ्या कोंबड्या फिरत असतात. त्यांना म्हणतात ईस्टर एगर. ही जात नव्हे, निळ्या अंड्याचा जीन बाळगणाऱ्या संकरित कोंबड्यांचं सरसकट नाव. जातिवंत कोंबड्यांचे शौकीन त्यांच्याकडे बघून नाकं मुरडतात. म्हणून म्हटलं, त्या जातिवंतांची कुळकथाच जरा तपासू.

सुरुवात चिलीत. तिथल्या मापुचे लोकांकडे निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. साल्व्हादोर कास्तेयो या स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञाला १९१४ साली तिथे एक अजब कोंबडी दिसली. शेपूट नाही, कानाशी पिसांचे झुपके आणि अंडं निळं! १९२१ मध्ये हेगच्या जागतिक परिषदेत त्याने ती जगापुढे मांडली, नवी जात म्हणून. गंमत म्हणजे ती मुळात मिश्रण होती. रुबेन बुस्तोस या चिलीच्या गृहस्थाने बिनशेपटीची कोयोंका आणि झुपकेवाली केत्रो यांच्यापासून ती तयार केली होती. हीच ती अरौकाना. त्यातून झुपक्यांचा जीन आई आणि बाप दोघांकडून आला तर पिल्लू कवचातच मरतं. म्हणजे झुपक्यांच्या बाबतीत अरौकाना शंभर टक्के शुद्ध होऊच शकत नाही. घ्या आता!

अमेरिकेत १९७६ साली बिनशेपटीच्या, झुपकेवाल्या कोंबडीलाच अरौकाना म्हणून मान्यता मिळाली. शेपटीवाल्या, दाढी-कल्लेवाल्यांना १९८४ साली अमेरौकाना हे नाव मिळालं. उरलेल्या सगळ्या ईस्टर एगर. तरी पिल्लं विकणारे त्या बिनदिक्कत 'अरौकाना' म्हणून खपवतात, ते वेगळंच.

आता रंगाचं. पनेट आठवतोय? बायोलॉजीच्या पुस्तकातला चौकोनवाला. त्यानेच १९३३ साली दाखवलं की निळा रंग प्रभावी आहे, एकाच पालकाकडून जीन आला तरी पुरे. तो जीन म्हणजे काय, हे २०१३ मध्ये कळलं. एक जुना रेट्रोव्हायरस कोंबडीच्या डीएनएत घुसून बसलाय आणि त्यामुळे शेजारचा एक जीन अंडं घडतं त्या जागी चालू होतो. (दुसऱ्याच्या कोडमध्ये एक ओळ घुसली आणि चक्क फीचर झालं, असं आमच्या धंद्यात क्वचितच होतं!) चीनमधल्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांतही हाच व्हायरस आहे, पण वेगळ्या ठिकाणी बसलेला. म्हणजे चिलीतला निळा रंग चीनहून आला, हा तर्क बाद.

हा निळा रंग, बिलिव्हर्डिन, कवचात आरपार भिनतो. तपकिरी रंग मात्र शेवटी वरून चढतो. त्यामुळे हिरवं अंडं फोडून आतून बघाल तर निळं दिसेल. आणि एकच कोंबडी रोज नवा रंग देते, हे काही खरं नाही. तिचा रंग जन्मभर साधारण तोच, फार तर थोडा गडद-फिका. नवा रंग हवा तर नवा संकर करायचा. गडद तपकिरी अंड्यांच्या फ्रेंच मारान जातीशी निळीचा संकर केला की अंडं शेवाळी होतं. त्या कोंबडीला म्हणतात ऑलिव्ह एगर. हीसुद्धा बिनजातीचीच.